मुलांचा कॅन्सर आणि आपली मदत: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या घरांत मुलाला कॅन्सर झालाय, त्या घरांसाठी आम्ही काही जण गेली काही वर्षं धावपळ करतो. फोनवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, गणपतीची आरती झाल्यावर तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केलेत, जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

१. एवढ्याशा मुलांना कॅन्सर होतो? आणि झाला तर वाचतात का?

होतो, आणि पुष्कळ मुलं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दरवर्षी ० ते १९ वयाच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. रोग तोच आणि औषधंही बरीचशी तीच. निदान उशिरा होतं, उपचार अर्ध्यावर सुटतात, मधल्या जंतुसंसर्गात मूल जातं, तिथे हा फरक पडतो. २०३० पर्यंत सगळीकडे किमान ६० टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट संघटनेने २०१८ साली ठेवलं.

मुलांमध्ये सगळ्यांत जास्त दिसतो तो रक्ताचा कॅन्सर. मग मेंदूतल्या गाठी, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), किडनीतली गाठ, डोळ्याचा आणि हाडांचा कॅन्सर.

२. हा कशाने होतो? दुसऱ्या पोराला लागतो का? आईचं काही चुकलं का?

लागत नाही. एका ताटात जेवा, एका गोधडीत झोपा, काही होत नाही. मोठ्यांच्या कॅन्सरमागे तंबाखू, दारू अशी कारणं सापडतात, मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा असं बोट दाखवता येत नाही. वाढत्या पेशींत बिघाड होतो आणि तो थांबत नाही. थोड्या मुलांत, दहांत एखाद्यात, तो आनुवंशिक असतो. डोळ्याच्या कॅन्सरमध्ये हे जास्त दिसतं, म्हणून तिथे भावंडांचीही तपासणी करतात.

आईचं काहीही चुकलेलं नसतं. गरोदरपणी ग्रहण बघितलं म्हणून नाही, पपई खाल्ली म्हणून नाही. हे सासरच्या माणसांनी तिला एकदा तोंडाने सांगावं. ही मदत फुकट आहे आणि ती सगळ्यांत आधी लागते.

३. लक्षणं कोणती? आणि दाखवायचं कुठे?

पंधरा दिवस होऊन गेले तरी न जाणारा ताप, पांढरं फटक पडलेलं मूल, न पडता-झडता अंगावर उठणारे काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त, रात्री झोपेतून उठवणारी हाडदुखी, लंगडणं, मानेत किंवा काखेत वाढत जाणारी गाठ. सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी. आंघोळ घालताना पोटाच्या एका बाजूला हाताला लागलेला गोळा. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यातली बाहुली पांढरी चमकणं.

यातली बरीचशी लक्षणं साध्या आजारातही असतात, म्हणून घाबरून जाऊ नका, पण बसूनही राहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी (सीबीसी) करून घ्या आणि जिल्हा रुग्णालयात किंवा सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक ताप आधी लेप्टो, डेंग्यू, मलेरिया ठरतो. ते बरोबरच आहे. पण ते सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि ताप राहिला, तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा.

४. मुंबईलाच का जावं लागतं? आणि किती दिवस?

मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर, रक्तपेढी, बालअतिदक्षता विभाग हे सगळं एका जागी लागतं, म्हणून. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि त्याचं खारघरलाही मोठं केंद्र आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजलाही जातात.

रक्ताच्या नेहमीच्या कॅन्सरचे उपचार अडीच वर्षांच्या आसपास चालतात. पहिले सहा-आठ महिने कडक असतात, त्या काळात घर बहुतेक मुंबईतच. मग घरी राहून रोजची गोळी आणि ठरावीक दिवसांनी तपासणी. ही गोळी चुकवायची नसते. मूल टुणटुणीत दिसतं, खेळतं, आणि म्हणूनच गोळी राहून जाते. रोग उलटण्याचा धोका तिथेच वाढतो.

५. योजनेतून उपचार फुकट होतात ना? मग देणगी कशाला मागता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जायचं. शिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आहे. टाटाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात बसलेली माणसं कुठला अर्ज कुठे करायचा ते सांगतात. हे सगळं आधी करा, मगच गावात वर्गणी काढा.

पण योजना पैसे देते ते उपचारांचे. आता एका घराचा हिशोब बघा. वडील खलाशी, हंगामभर होडीवर. मुलीबरोबर आई परळला. घरी दुसरं पोर आजीकडे, तेही तिसरीत. वडिलांनी मुंबईला जायचं म्हणजे ट्रिप बुडाली, म्हणजे त्या आठवड्याचा वाटा गेला. मुंबईत भाडं, दोन वेळचं जेवण, उकळलेलं पाणी, टॅक्सी, कारण उलट्या होणाऱ्या पोरीला घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही. हे कुठल्या पॅकेजमध्ये बसत नाही. तिसऱ्या महिन्यात बापाने विचारलं, "आता बरी दिसते, चार दिवस गावाक नेऊ?" ते चार दिवस नसतात. तिथून मुलं परत येत नाहीत.

टाटामध्ये २००९ च्या सुमारास साधारण पाचातलं एक मूल उपचार नाकारून किंवा अर्ध्यावर सोडून जायचं. मग पैसे, राहणं, जेवण, समुपदेशन हे सगळं एका छताखाली बघणारी व्यवस्था उभी राहिली (इम्पॅक्ट फाउंडेशन ही तिथलीच) आणि पुढच्या दहाएक वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. ही मुलं कुठल्या नव्या औषधाने टिकली नाहीत, खोली, डाळभात आणि तिकीट यांनी टिकली. म्हणून आम्ही पैसे मागतो ते या गोष्टींसाठी, आणि ते मागताना आम्हाला जराही संकोच वाटत नाही.

६. मुंबईत राहायचं कुठे? नातेवाइकांकडे चालेल?

दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं असतील तर नको, कितीही प्रेमाची असली तरी. केमो चालू असलेल्या मुलाला गर्दी सोसत नाही. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून अशा मुलांना आई-वडिलांसह फुकट राहायला जागा देते, मुंबईत तिची अनेक केंद्रं आहेत. जागा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागामार्फत मिळते, थेट दारात जाऊन नाही. नाव पहिल्या दिवशीच नोंदवा.

७. रेल्वेत सवलत असते म्हणतात, ती कशी घ्यायची?

हॉस्पिटलमधून ठरावीक फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्यायचा आणि आरक्षण खिडकीवर द्यायचा. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. तुतारी संध्याकाळी सावंतवाडीहून निघून सकाळी दादरला उतरवते, तिथून परळ जवळ. गणपतीत आणि मे महिन्यात तिकीट मिळत नाही, हेच मोठं दुखणं आहे. तुमचा कोणी खिडकीवर पहाटे रांगेत उभा राहू शकत असेल, तर ती हजार रुपयांच्या देणगीइतकीच मोलाची मदत आहे. एसटीच्या सवलतीचं आगारात विचारा.

८. मूल गावी आलंय. आम्ही वाडीतले शेजारी नेमकं काय करू?

तापाची गाडी ठरवा.

केमोने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा जास्त ताप आला, तर तो साधा ताप नाही. शिरेतून अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर सुरू व्हावं लागतं. हॉस्पिटलात पोहोचल्यापासून एका तासात, असा नियम जगभर पाळतात. पॅरासिटामोल देऊन ताप उतरतो, जंतू तसाच राहतो आणि आपण फसतो.

एका पावसाळ्यात अकरा वर्षांच्या एका मुलाला रात्री साडेअकराला ताप भरला. जवळच्या दवाखान्यात गोळी देऊन "सकाळी बघू" म्हणून घरी पाठवलं. आई दाराबाहेर गेली, थांबली, परत आत आली. प्लास्टिकच्या पिशवीतून फाईल काढली, पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेली तापाची ओळ दवाखान्यातल्यांसमोर धरली आणि तिथून हललीच नाही. मग गाडी शोधली. पहिल्या दोघांचे फोन बंद, तिसऱ्याने उचलला. पोहोचेपर्यंत अडीच वाजले होते. मुलगा सहा दिवस आयसीयूत होता आणि वाचला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घरात हे करतो: देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला थर्मामीटर, त्याच पिशवीत फाईल आणि हॉस्पिटलचं पत्र, दोन हजार रुपये वेगळ्या पाकिटात, आणि वाडीतल्या तीन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर. त्यातला एक त्या रात्री दारू न पिता घरी असणार, हे पाळीपाळीने ठरलेलं. १०८ ला फोन करायचाच, पण घाटात दरड असली तर ती कधी येईल सांगता येत नाही. कुठल्या रुग्णालयात रात्री हे इंजेक्शन देतात, ते मूल घरी येण्याच्या आधी जाऊन विचारून ठेवा.

९. खाऊ काय न्यायचा? आंब्याची पेटी चालेल?

पेटी न्या. आंबा नीट धुऊन, घरी सोलून, लगेच खायला बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत, तरी त्यांना विचारा. बाहेरचा आमरस, कापून ठेवलेली फळं, बर्फगोळा नको. पेशी कमी असताना सोलकढीही नको, कारण नारळाचं दूध आपण उकळत नाही. उघड्यावर वाळवलेलं सुकट थोडे महिने बाजूला ठेवा. ताजा मासा नीट शिजवून द्या, अंडं पूर्ण उकडून. तोंड आलेल्या मुलाला तिखट सार जात नाही, पेज आणि मऊ भात जातो. कुपोषित मुलाला केमो सोसत नाही, म्हणून कडल्स फाउंडेशनसारख्या संस्था हॉस्पिटलांत आहारतज्ज्ञ नेमून फक्त पोषणाचंच काम करतात.

१०. रक्त द्यायचंय. गावात शिबिर घेऊ का?

घ्या, रक्त लागतंच. पण या मुलांना सगळ्यात जास्त नड पडते ती प्लेटलेट्सची, आणि प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. १५ ऑगस्टला गावात गोळा झालेल्या बाटल्यांतल्या प्लेटलेट्स सप्टेंबरात परळला कामाला येत नाहीत. त्यामुळे गावापेक्षा गावाचं मुंबई मंडळ इथे जास्त उपयोगाचं. लालबाग, डोंबिवली, विरारला राहणाऱ्या आपल्या वीस-पंचवीस तरुणांची रक्तगटासह यादी करा आणि एकेकाला पाळीने पाठवा. प्लेटलेट्स मशीनवर काढतात, दीड-दोन तास लागतात, आणि दाता थोड्याच दिवसांत पुन्हा देऊ शकतो. नेहमीचं रक्तदान मात्र पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिन्यांनी.

एक अपवाद लक्षात ठेवा. मुलाला बोन मॅरो (हाडातला मगज) ट्रान्सप्लांट लागण्याची शक्यता असेल तर आई, बाप, सख्खी भावंडं यांनी त्याला रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. जवळच्या नात्यातलं रक्त अशा वेळी अडचणीचं ठरू शकतं. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. न जुळल्यास बाहेरचा दाता शोधतात. त्यासाठी दात्रीसारख्या नोंदणी संस्थेकडे गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नाव नोंदवता येतं. नंतर ऐन वेळी मागे फिरणार असाल तर नोंदवू नका. तिकडे एक मूल तुमच्या होकारावर तयारीला लागलेलं असतं.

११. खेळणी, जुने कपडे, केस दिले तर?

खेळणी नवी आणि पुसता-धुता येणारी. केसाळ टेडी वॉर्डात चालत नाहीत. जुने कपडे नकोत. केस विगसाठी घेतात, पण किती लांब आणि कसे हवेत ते संस्थेला आधी विचारून मगच कापा. बाकी कॅरमचा बोर्ड, रंगाच्या पेट्या, गोष्टींची मराठी पुस्तकं हवीच असतात. वॉर्डात मराठी वाचायला मिळालं की आपली पोरं खुलतात.

१२. पैसे नेमके कोणाला द्यायचे? पावतीवर कर वाचतो का?

एका मुलासाठी द्यायचे तर हॉस्पिटलात त्याच्या केस नंबरवर भरा, कोणाच्या हातात नको. सगळ्यांसाठी द्यायचे तर नोंदणीकृत संस्थेला. जी संस्था हिशोब दाखवते आणि चार प्रश्न विचारल्यावर चिडत नाही, ती निवडा. ८०जी म्हणून सगळ्यांना माहीत असलेली करसवलत फक्त जुन्या कररचनेत मिळते, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. एखाद्या कुटुंबाला थेट दिलेल्या पैशांवर ही सवलत नाही. तरी ते द्या.

१३. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, खरं-खोटं कसं ओळखायचं?

केस नंबर मागा आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात फोन करून विचारा. खातं हॉस्पिटलचं आहे की खाजगी, ते बघा. जुना फोटो नव्या नावाने फिरतो. आणि तुम्ही स्वतः आवाहन लिहीत असाल तर मुलाचा टक्कल पडलेला, नळ्या लावलेला फोटो टाकू नका. ते मूल उद्या बरं होऊन कॉलेजात जाणार आहे आणि तो फोटो तेव्हाही फिरत असणार आहे.

१४. आमच्या मंडळाला शिमग्यात यासाठी वर्गणी काढता येईल का?

मंडळ नोंदणीकृत असेल आणि घटनेत वैद्यकीय मदत हे उद्दिष्ट असेल तर हो. नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीपुस्तक छापा, हिशोब पालखीच्या सहाणेवर लावा.

१५. मी कुवेतला आहे, भाऊ लंडनचा नागरिक झालाय. आम्ही पाठवू शकतो?

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही, कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला देता येते. भावाचं तसं नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की मूळ मालवणचं असलं तरी ती परदेशी देणगी, आणि ती फक्त एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. भावाने तुमच्या खात्यात टाकून पुढे पाठवायचं, असली पळवाट काढू नका, त्यात संस्था अडकते.

१६. समोर मूल आजारी असताना संशोधनाला पैसे कशाला द्यायचे?

अंगणातल्या सदाफुलीकडे बघा. त्या झाडाच्या पानांतून निघालेलं व्हिन्क्रिस्टीन १९६० च्या दशकापासून मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात, आजही परळला ते मुलांना शिरेतून दिलं जातं. (पानं चावून खाऊ नका. झाड विषारी आहे, औषध वेगळं काढून मोजून देतात.)

त्याच्याही आधी, १९४८ साली, बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन सोळातल्या दहा मुलांचा रोग काही काळ मागे हटवून दाखवला. ते औषध बनलं ते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते तिथे. त्याचंच भावंड असलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आज आपल्या मुलांच्या पिशवीत असते. त्याच वर्षी फार्बर यांच्या कामासाठी रेडिओवरून आवाहन झालं आणि सामान्य लोकांनी दोन लाख डॉलर्सहून जास्त रक्कम जमवली. त्याआधी हा रोग झालेलं मूल काही महिन्यांत जायचं. आज चांगल्या केंद्रांत या रोगातून जवळजवळ ९० टक्के मुलं बरी होतात.

आणि संशोधन म्हणजे फक्त नवं औषध नाही. परदेशातला कडक कोर्स आपल्या मुलांना तसाच दिला तर काही संसर्गानेच जातात. डोस कुठे कमी केला तर रोगही उलटत नाही आणि मूलही तगतं, हे इथल्याच मुलांवरून कळणार. १९८०च्या दशकात टाटासकट तीन भारतीय केंद्रांनी एमसीपी-८४१ नावाची एकच पद्धत वापरायला घेतली ती याचसाठी. मूल उपचार का सोडतं (प्रश्न ५), हा शोधही संशोधनच आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर दहातले आठ रुपये आजच्या मुलांना, दोन संशोधनाला.

१७. 'ट्रायल'मध्ये घालतो म्हणाले. पोरावर प्रयोग करतात का?

बहुतेक वेळा चालू असलेल्या चांगल्या उपचाराशी थोडा बदल केलेल्या उपचाराची तुलना असते. नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, कागद मराठीत मागून घ्यायचा, घरी नेऊन वाचायचा. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही विचारावी लागते. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि मध्येच बाहेरही पडता येतं.

१८. देवाला कौल लावलाय. गावठी औषधही चालू ठेवलं तर?

गाऱ्हाणं घाला, नवस बोला. त्याने आईला उभं राहायला बळ येतं, हे मी बघितलंय. अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका. काढा, भस्म, झाडपाला केमोच्या काळात नको. यकृतावर आधीच भार असतो. दिलंच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते ओरडले तरी सांगा.

१९. मी शिक्षिका आहे. मुलगा वर्गात परत येतोय, काय करू?

तो यायच्या आदल्या दिवशी वर्गाला सांगा की केस औषधाने गेलेत, परत येणार आहेत, आणि हे लागत नाही. वर्गात कोणालाही कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी, शाळा सुटायची वाट न बघता, त्याच्या घरी फोन करा. त्यावरचा उपाय वेळेत केला तरच लागू पडतो. पळायला लावू नका, पण बाजूला बसवूनही ठेवू नका. एका मुलाला बाईंनी क्रिकेटचा स्कोअर लिहायला बसवलं, आणि तो महिनाभर एकही दिवस चुकला नाही.

२०. उपचार संपले. आता मदत बंद करायची?

पैशांची कमी करा, माणसांची नको. तपासण्या वर्षानुवर्षं चालतात. काही औषधांचा हृदयावर, उंचीवर, ऐकण्यावर परिणाम मागाहून दिसतो. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्या मुलांचा गट आहे. तिथे मोठी झालेली मुलंच नव्या मुलांना धीर देतात. लग्न जमवताना हे लपवायचं का, असं आईबाप विचारतात. आम्ही सांगतो की लपवू नका, आणि लाज तर मुळीच वाटून घेऊ नका.

२१. डॉक्टर म्हणाले आता उपाय नाही. मग वर्गणी परत करायची का?

नाही. आता ती जास्त लागेल. वेदना कमी करणाऱ्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्यात मॉर्फिन देतात, ते योग्य प्रमाणात मुलांनाही देता येतं, आणि त्याने मूल लवकर जात नाही. शांत झोपतं, बोलतं, थोडं खातं. मूल घरी न्यायचं असेल तर औषधाचा पुरेसा साठा, चिठ्ठी आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर घेऊनच निघा. तापाच्या गाडीची यादी भिंतीवरून काढू नका. एका मुलीला समुद्र बघायचा होता, ती त्याच गाडीतून वेळणेश्वरला गेली. मागच्या सीटवर उशा रचून.

२२. आणि पैसे उरले तर?

हे वर्गणी काढतानाच पावतीवर छापा: उरलेली रक्कम याच कारणासाठी दुसऱ्या मुलाला जाईल. छापलं नसेल तर देणाऱ्यांना विचारा. हॉस्पिटलात भरलेल्या रकमेची शिल्लक कोणाच्या नावे परत मिळते, ते भरतानाच लिहून घ्या. मूल गेलेल्या घरात हिशोबाला निदान महिनाभर जाऊ नका. जाल तेव्हा आधी विचारा की आईचे दागिने अजून गहाण आहेत का. असतील, तर ते सोडवून मग उरलेल्याचं बोला.